आक्कांच्या जीपचे कपलर

“डायरेक्ट मार,” दस्तगीरचाचा म्हणाले आणि चहाचा कप घेऊन गॅरेजच्या दारात जाऊन उभे राहिले.

मी जीपच्या डॅशबोर्डखाली उताणा पडलो होतो. नाकासमोर सत्तावीस तारा लोंबत होत्या आणि छातीवर पिवळ्या पडलेल्या प्लास्टिकचा चुरा सांडला होता. दहा मिनिटांपूर्वी त्या चुऱ्याचे चार कपलर होते. तारांची दोन जुडगी एकमेकांत अडकवायला जे प्लास्टिकचे ठोकळे असतात, त्यांना आमच्या धंद्यात कपलर म्हणतात. अर्धा ठोकळा या जुडग्याला, अर्धा त्या जुडग्याला. दाबला की खट्कन बसतो, ओढला की सुटतो. ही जीप जपानी होती, एकोणीसशे बाहत्तरची, आणि मी सांगतोय ती गोष्ट सत्त्याण्णव सालची. पंचवीस वर्षं धग खाऊन डॅशबोर्डाकडचे अर्धे ठोकळे पार वाळून गेले होते. पहिला ओढला, तो पापडासारखा बोटांत मोडला. दुसरा जपून ओढला, तोही मोडला. तिसऱ्याला आणि चौथ्याला मी खरं तर हात लावायलाच नको होता.

“ऐकलंस का, इष्णू? डायरेक्ट मार आनि मोकळा हो.”

डायरेक्ट मारणं हा कोल्हापूरच्या उद्यमनगरातला रिवाज. कपलर गेला तर त्याच्या नावानं रडत बसायचं नाही. तारांची टोकं सोलायची, लालला लाल आणि हिरवीला हिरवी पिळायची, वर काळी टेप गुंडाळायची, गाडी चालू. दीड तासाचं काम. मला ते दीड वर्षात जमलं नसतं, कारण मला लाल आणि हिरव्यातला फरक कळत नाही. दोन्ही मला मळकट तपकिरी दिसतात, आणि तपकिरी तर तपकिरी दिसतोच.

हे त्या वेळी जगात दोघांनाच ठाऊक होतं, मला आणि रेल्वेच्या एका डॉक्टरला. आम्ही गंगावेशीतले कुंभार. बाराव्या वर्षी वडिलांनी माझ्या हातात पहिल्यांदा ब्रश दिला आणि गणपतींची पागोटी लाल करायला सांगितली. मी एकवीस पागोटी मन लावून हिरवी केली. वडिलांना वाटलं, कार्ट्यानं मुद्दाम केलं. त्यांनी मला बदडलं, आणि ब्रश पुन्हा माझ्या हातात दिला नाही. पुढं रेल्वेच्या भरतीत त्या डॉक्टरानं ठिपक्यांचं पुस्तक समोर धरलं, पाच पानं उलटली आणि मला परत पाठवलं. घरी मी सांगितलं की छाती एक इंच कमी भरली. मग मामानं मला चाचांच्या गॅरेजात आणून सोडलं.

तिथं बॅटऱ्या, डायनामो, स्टार्टर यांत तीन वर्षं बरी गेली. तारांची वेळ आली की मी टेस्ट लॅम्प लावून बघायचो. लॅम्प लागतो किंवा लागत नाही, त्याला रंगाशी देणंघेणं नसतं. कुणाला काही विचारायचं मात्र नाही, हा माझा नेम होता. पण आता दसऱ्यापासून चाचा वायरिंगचं सगळंच काम माझ्यावर सोपवणार होते. त्यांची कंबर गेली होती. डॅशबोर्डखाली शिरले की बाहेर काढायला दोन माणसं लागायची. अशा वेळी ‘इष्णू कुंभाराला तारा ओळखता येत नाहीत’ एवढं उद्यमनगरात पसरलं असतं, तर मला कुणी हॉर्नची वायरसुद्धा जोडायला दिली नसती. परत जायचं तर घरी, आणि तिथं रंगाचे डबे.

सगळ्या तारा लॅम्पनं शोधायच्या तर दिवस गेला असता, आणि चाचा दारात थांबले होते. मी देवाचं नाव घेऊन, पिना न कापता, अंदाजानं चार तारा नुसत्या अडकवून बघितल्या.

चाचा आत आले. चावी फिरवून त्यांनी हॉर्न दाबला. वायपर सुरू झाला.

“काय रे हे?”

मी डॅशबोर्डखालून डोकं बाहेर काढलं. पाऊस नसताना काचेवर वायपर फिरत होता आणि चाचा त्याच्याकडं बघत होते. माणूस अडकला की त्याच्या तोंडून काय निघेल सांगता येत नाही. माझ्या तोंडून निघालं, “म्हणूनच सांगत होतो, चाचा. हिला डायरेक्ट मारून चालायचं न्हाई. जपानी गाडी हाय. तिला तिचंच कपलर पायजेत.”

“असं कुणी सांगितलं?”

“कुणी कशाला सांगाय पायजे? एवढी जुनी गाडी. तिच्या पोटात टेपा गुंडाळायच्या म्हंजे बरं दिसतंय का?”

“वा,” दारातून आवाज आला. “ह्याला म्हंत्यात कारागीर.”

दारात गाडीची मालकीण उभी होती. सुमनआक्का चौगुले, शिरोळकडच्या. वय सहासष्ट. नवरा जाऊन बारा वर्षं झाली होती आणि तेव्हापासून ऊस आणि जीप दोन्ही त्या स्वतःच सांभाळत. जीप त्यांच्या नवऱ्यानं कारखान्याच्या कामावर आलेल्या एका जपानी इंजिनिअरकडून घेतली होती. दिवे लुकलुकतात म्हणून दोन दिवसांपूर्वी त्या ती स्वतः चालवत घेऊन आल्या. आत घेताना आमच्या दाराच्या खांबाला घासली, तेव्हा खाली उतरून त्यांनी चाचांना विचारलं होतं, खांब कवा बांधला म्हणून. खांब तीस वर्षांचा होता.

“दस्तगीर,” आक्का म्हणाल्या, “आजवर चार जणांनी माझ्या गाडीला हात लावला. चौघांनीबी कापून टेपा लावू का म्हणून इचारलं. हा पयला. कपलरच बसव, बाबा. किती बी दिवस लागू देत. मी थांबतो.” आमच्याकडच्या बायका ‘येतो, जातो’च म्हणतात.

चाचांनी माझ्याकडं वेगळ्याच नजरेनं बघितलं. त्यांना माझा अभिमान वाटत होता. मला पळून जावंसं वाटत होतं.

दुसऱ्या दिवसापासून माझी वणवण सुरू झाली. तारांच्या टोकांना पितळी पिना होत्या, त्या सगळ्या चांगल्या होत्या. फक्त त्या ज्यात बसतील तो ठोकळा हवा होता, चार भोकांचा, सहाचा, आठचा आणि नऊचा. उद्यमनगरातल्या दुकानदारांनी खण उघडले, खण मिटले. नव्या गाड्यांचे कपलर होते, पण त्यात आमची पीन एक तर लटपटायची नाही तर शिरायचीच नाही. पुण्याला फोन केला, त्यांनी मॉडेल नंबर विचारला आणि पुन्हा फोन उचलला नाही. भंगारबाजारात एक जपानी गाडी सापडली. मी धावत जाऊन तिचा डॅशबोर्ड उघडला, तर आत सगळीकडं काळी टेप. कुणीतरी आधीच डायरेक्ट मारलं होतं.

जीपमधले पलीकडचे अर्धे ठोकळे शाबूत होते, पण ते जागचे काढून नेता येत नव्हते आणि नुसत्या चुऱ्यावरून दुकानदाराला आकार कळत नव्हता. शेवटी कुंभाराचं डोकं चाललं. घरून शाडूची माती आणली आणि त्या चार ठोकळ्यांवर दाबून त्यांचे ठसे घेतले. वाळल्यावर ते इतके हुबेहूब निघाले की चाचांनी ते येईल त्या गिऱ्हाइकाला दाखवले. आठ भोकांचा ठसा आक्कांनी मागून घेतला, रुमालात बांधला आणि कमरेला खोवला.

“मी बी हुडकतो,” त्या म्हणाल्या.

त्यांनी तो सगळीकडं नेला. बँकेत दाखवला, बस्तीत, म्हणजे जैनांच्या देवळात, दाखवला, ऊसतोडणीच्या मुकादमाला दाखवला. आणि ठशाबरोबर माझी कीर्तीही नेली. कोल्हापुरात एक पोरगा आहे, गाडीच्या पोटात टेप लावू देत नाही, देवाची मूर्ती घडवावी तसं काम करतो. दोन अनोळखी माणसं नुसती मला बघायला गॅरेजात येऊन गेली. मी त्यांना चहा पाजला आणि रात्रभर झोपलो नाही.

आठव्या दिवशी आक्का सकाळी सकाळीच हजर झाल्या.

“इष्णू, चल. घावलं.”

“काय घावलं?”

“कपलर. काल इचलकरंजीला लगीन होतं. पंगतीत शेजारी माझ्या चुलतबहिणीचा दीर बसलेला, बाळगोंडा मगदूम. मागाचा कारखाना हाय त्याचा. त्याच्या पानाजवळ ठसा ठेवला आनि म्हटलं, बाळगोंडा, असलं कुठं बघितलंयस का? तो म्हणाला, आक्का, वाढप्याला जिलबी वाढू दे आधी, हे असलं माझ्या भंगारात टोपलीभर पडलंय.”

“कापडाच्या मागात गाडीचा कपलर कसा असंल?”

“ते मला काय इचारतोस? कारागीर तू.”

चाचांच्या मोटारसायकलवर आम्ही निघालो. आक्का मागं एका बाजूला पाय सोडून बसल्या आणि इचलकरंजीपर्यंत मला गाडी कशी चालवावी ते सांगत राहिल्या.

मगदूमांच्या कारखान्यात शिरलो आणि कान बंद झाले. चाळीस माग एकदम चालत होते, धोटे इकडून तिकडं आपटत होते, कुणाचं बोलणं कुणाला ऐकू येणं शक्य नव्हतं. म्हणून तिथं कुणी बोलतच नव्हतं. सगळे हातवारे करत होते. बाळगोंडा मगदूम, पांढरी टोपी, पांढरा शर्ट, खांद्यावर रुईचे कण, दुरूनच हसले. त्यांनी मनगटावर बोट ठेवलं, कपाळावर ठेवलं, मग मागच्या दाराकडं दाखवलं. आक्का लगेच त्या बाजूला चालायला लागल्या. मागच्या अंगणात आल्यावर मी विचारलं, ते काय म्हणाले?

“मला म्हणाला, येळेवर आलीस. तुला म्हणाला, पोरगा हुशार दिसतोय.”

बाळगोंडांनी मान डोलावली. मला आणखी वाईट वाटलं.

अंगणात दोन जपानी माग गंजत पडले होते. सेकंडहँड आणलेले, पाच-सहा वर्षं चालवून टाकून दिलेले. एकाच्या अंगाला विजेची लोखंडी पेटी होती. बाळगोंडांनी स्क्रू काढले, झाकण बाजूला केलं आणि आत फुंकर मारली. रुईची पूड उडाली. खाली पांढरेशुभ्र कपलर ओळीनं बसले होते.

मी चार भोकांचा ठसा काढून त्यातल्या एकावर टेकवला. बसला. सहाचा बसला. नऊचा बसला. आक्कांनी कमरेचा रुमाल सोडून आठचा दिला, तोही बसला. खिशात आणलेली पितळी पीन भोकात सारली, आतून बारीकसा खट् आवाज आला आणि पीन ओढली तरी निघेना. जपानमध्ये गाडीला आणि मागाला एकाच साच्यातले कपलर लावत असणार, एवढंच खरं. बंद पेटीत ना ऊन लागलं होतं ना धग, म्हणून माल अगदी कोरा राहिला होता. मी त्या पेटीपुढं मांडी घालून बसलो आणि एवढा हसलो की बाळगोंडांनी आक्कांना हातानंच विचारलं, याला काय झालं.

“काय देऊ ह्याचं?” आक्कांनी विचारलं.

“काय देतीस? गाडी चालू झाली की घेऊन ये. मला बसवून पंचगंगेपर्यंत ने.”

परत येताना माझं हसू हळूहळू ओसरलं. ठोकळे मिळाले होते, पण कुठल्या भोकात कुठली तार घालायची हे रंगच सांगणार होते. पलीकडच्या शाबूत अर्ध्यात जिथं लाल होती, तिथंच समोर लाल घालायची. आठ दिवस मी जे लांबवत आलो होतो, ते तसंच्या तसं माझी वाट बघत बसलं होतं.

सोमवारी उद्यमनगरला सुट्टी असते. चाचांकडून मी किल्ली मागून घेतली. कुणी नसताना दिवसभर बसायचं, टेस्ट लॅम्पनं एकेक तार शोधायची, असा बेत. नऊला शटर उघडलं. साडेनवाला आक्का आल्या, हातात डबा आणि घडीची खुर्ची.

“मला बघायचंय,” त्या म्हणाल्या. “बारा वर्षं गाडी चालवली, तिच्या पोटात काय हाय ते बघितलं न्हाई.”

मी पिना पॉलिश पेपरनं घासायला घेतल्या. सत्तावीस पिना एक तासभर घासल्या. मग ठोकळे पुसले. मग जीपच्या दाराच्या बिजागरीला तेल घातलं.

“इष्णू, पिना लखलखल्या. दार बी गप झालं. आता घाल की.”

मी एक तार हातात धरली. तपकिरी. दुसरी धरली. तपकिरी. आक्का खुर्ची पुढं ओढून, हनुवटीखाली हात घेऊन बसल्या होत्या, एखादा सोहळा बघायला बसावं तशा. गेल्या दहा दिवसांत त्या बाईनं माझं इतकं कौतुक केलं होतं की त्यापुढं खोटं रेटणं मला अवघड झालं.

“आक्का, मला रंग दिसत न्हाईत.”

“कुठलं?”

“लाल आनि हिरवा.”

“अजिबात न्हाई?”

“दोन्ही सारखंच दिसत्यात.”

“मग मिरची पिकली हे कसं कळतंय?”

“खाल्ल्यावर.”

आक्कांनी हनुवटीखालचा हात काढला. मग म्हणाल्या, “म्हंजे कपलरच पायजेत, टेपा नगोत, ते सगळं सोंग?”

“सोंगच. डायरेक्ट मारायला रंग कळाय लागतोय. अंदाजानं मारलं तर वायपर फिरला. तुम्ही नेमक्या दारात आला, मग मागं फिरता येईना.” मी हातातल्या तारा सोडल्या. “चाचांना ठाऊक न्हाई. कुणालाच न्हाई. हे कळलं तर माझा धंदा संपला.”

“मला राग आलाय,” आक्का म्हणाल्या. “साऱ्या पाव्हण्यांत तुझं गुणगान गात फिरलो. आता कुणाकुणाच्या दारात जाऊन परत घेऊ?” पण त्या उठल्या, खुर्ची जीपच्या दाराशी लावली आणि पदर खोचला. “आण हिकडं. मला दिसत्यात न्हवं रंग. मी सांगतो, तू घाल.”

मी शाबूत अर्ध्यातल्या तारेवर बोट ठेवायचो, त्या रंग सांगायच्या. मग लोंबणाऱ्या तारांतून तोच रंग त्या वेचून द्यायच्या. तांबडी. हिरवी. तांबडीवर पांढरी रेघ. तपकिरी. दहा दिवसांचं ओझं एकेका पिनेबरोबर उतरत होतं. चारचा झाला, सहाचा झाला. आठचा घेतला.

“ही?”

“पिवळी.”

मी त्यांनी दिलेली पिवळी हातात घेतली. मग बोटाखालची तार पुन्हा बघितली. लाल-हिरव्यात माझा घोळ आहे, पण पांढरं मला पांढरंच दिसतं.

“आक्का, ही पांढरी हाय.”

“पिवळी हाय. बघ नीट.”

“बरं. ही कुठली?”

“काळी.”

“आनि शेजारची?”

“ती बी काळी. दोन काळ्या हायत.”

“त्यातली एक निळी हाय.”

आक्कांनी चष्मा काढला, पदरानं डोळे पुसले, पुन्हा बघितलं. “उजेड कमी हाय तुमच्यात,” त्या म्हणाल्या.

सकाळचे अकरा वाजले होते आणि काचेतून ऊन सरळ तारांवर पडत होतं. मी बोटाखालची तार उन्हात पुढं ओढली.

“मोतीबिंदू,” आक्का अखेर म्हणाल्या. “दोन्ही डोळ्यांत. डॉक्टर म्हणाला, पिकलाय, कवाबी काढू या. म्हटलं बघू.”

“मुलाला सांगितलंय?”

“भरतेशला? किल्ली काढून घेईल माझी. त्याचा बाप गेल्यापासनं ही गाडी हाय म्हणून मी कुणाच्या वाटेकडं डोळं लावून बसलो न्हाई. रानात जातो, कारखान्यावर जातो, मनात आलं की जातो.”

“आमच्या दाराला घासलंत ते—”

“खांब बघितलाच न्हाई मी.”

आम्ही एकमेकांकडं बघितलं. आधी कोण हसलं ते आठवत नाही. मग वाटणी केली. लाल, हिरव्या, तपकिरी त्यांच्या. निळ्या, काळ्या, पांढऱ्या, पिवळ्या माझ्या. दोन रंगांची तार आली की अर्धी मी सांगायचो, अर्धी त्या. दुपारी दोनला सत्तावीस पिना सत्तावीस भोकांत होत्या. चारही कपलर दाबले. खट्, खट्, खट्, खट्. बॅटरी लावली. हॉर्न दाबला, हॉर्न वाजला. डावा इंडिकेटर डावीकडंच लागला. दिवे लागले ते लुकलुकले नाहीत. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी ते पुसलं नाही. गॅरेजात आलो तेव्हापासून एवढा आनंद मला झाला नव्हता.

“सरक,” आक्का म्हणाल्या. “एक चक्कर मारू.”

मी चावी काढून खिशात टाकली.

“मी चालवतो. तुम्ही शेजारी बसा.”

“तुला सिग्नल दिसंल?”

“वरचा लाल, खालचा हिरवा. जागा पाठ हाय.”

“बरं हाय तुझं. मला सिग्नलचा खांब बी दिसत न्हाई.” मग त्यांनी माझ्या खिशाकडं बघितलं. “भरतेशला सांगणार तू?”

“न्हाई. तुम्ही सांगायचं. आनि ऑपरेशन करून घ्यायचं. तोवर किल्ली मिळायची न्हाई.”

“मग तू दस्तगीरला सांग.”

“आधी तुम्ही.”

“आधी तू.”

दोघं लहान पोरांसारखे भांडलो. शेवटी ठरलं की त्यांनी ऑपरेशनला जायचं आणि त्या टेबलावर चढायच्या आत मी चाचांना सांगायचं. आक्का शब्दाच्या पक्क्या. त्याच संध्याकाळी त्यांनी भरतेशना सांगितलं, पुढच्या आठवड्यातला गुरुवार ठरला, जीप भरतेश येऊन घेऊन गेले.

माझ्याच्यानं मात्र सांगवेना. रोज सकाळी ठरवायचो, रोज संध्याकाळी राहून जायचं. त्यात चाचा येईल त्याला सांगत होते, आमच्या इष्णूनं इचलकरंजीच्या मागातनं जपानी कपलर काढून आणले, टेपेचा तुकडा नाही गाडीत. माझ्या तोंडाशी आलेलं दर वेळी परत जायचं.

गुरुवारी सकाळी गॅरेज भरलेलं होतं. एक ट्रक वायरिंगला लागला होता, त्याचा ड्रायव्हर बिस्किट खात बसला होता. टेम्पोवाला गवळी, शेजारचे लेथवाले पोवार, सगळे चहाला जमले होते. फोन वाजला. चाचांनी उचलला आणि माझ्याकडं दिला.

“आक्का. सांगलीच्या दवाखान्यातनं.”

“सांगितलंस?” आक्कांचा आवाज आला.

“न्हाई अजून.”

“नर्स मला न्यायला आल्यात. निळा झगा घातलाय म्हणं, मला काळाच दिसतोय. तू सांगितल्याशिवाय मी आत जात न्हाई.”

“आक्का, हट्ट करू नका. डॉक्टर खोळंबले असतील.”

“खोळंबू देत. फोन ठेवू नको. मला ऐकू येऊ दे.”

मागून भरतेशचा आवाज येत होता, आई, कुणाशी बोलायलीस, चल की. आणि आक्का त्यांना गप म्हणत होत्या. मी फोन कानापासून लांब धरला.

“चाचा,” मी म्हणालो, “मला लाल आनि हिरवा रंग ओळखाय येत न्हाई.”

“आं?”

“तारांचं रंग. जन्मापासनं.” आता आवाज जरा मोठाच निघाला. “आक्कांच्या गाडीतबी त्यांनीच अर्धं रंग सांगितलं. मी डायरेक्ट मारत न्हवतो ते त्यासाठी.”

ड्रायव्हरचं बिस्किट चहात पडलं. चाचांनी माझ्या हातातून फोन घेतला.

“आक्का, सांगितलं बघा त्यानं. जावा आता आत.” आणि फोन ठेवला. त्या दिवशी आक्कांचा उजवा डोळा झाला, महिन्यानं डावा. पुढं नऊ वर्षं त्यांनी जीप चालवली आणि आमच्या खांबाला एकदाही घासली नाही. पण हे मला तेव्हा कुठं ठाऊक होतं. मी मान खाली घालून उभा होतो.

“तीन वर्षं?” चाचांनी विचारलं.

“साडेतीन.”

“आनि मी साऱ्या उद्यमनगरला सांगतोय, माझा पोरगा लॅम्प लावून बघितल्याबिगर एक तार जोडत न्हाई, एवढी काळजी घेतोय.”

“काळजी न्हवती, चाचा. भीती होती.”

“कशानं का बघंनास. बघत होतास न्हवं?”

मी मान वर केली.

“चाचा,” ट्रकवाला ड्रायव्हर म्हणाला, “मग माझं वायरिंग कोण करणार?”

“इष्णू.”

“त्याला दिसत न्हाई म्हणाला की आत्ता.”

“मला दिसतंय. तुला दिसतंय. हे पोवार बसल्यात, त्यांना दिसतंय. मग अडलंय कुठं?” चाचा माझ्याकडं वळले. “जा, शीर खाली. आनि अडलं की इचार. तोंड हाय न्हवं?”

मी ट्रकच्या डॅशबोर्डखाली शिरलो. पाठीखाली पोतं नीट केलं. समोरच्या जुडग्यातली एक तार धरली, ती मळकट तपकिरी होती. हात बाहेर काढून ती दाराकडं वर धरली आणि जन्मात पहिल्यांदा विचारलं, “चाचा, ही कुठली?”

“तांबडी,” दारातून चार जणांनी एकदम सांगितलं.